उसाने बिबट्या वाढवला, माळढोक घालवला

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात बिबट्याने माणूस मारला की दोन दिवसांत ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, माणसाने जंगले तोडली म्हणून तो गावात आला. दुसरी म्हणते, हे जंगलाचे बिबटे राहिलेच नाहीत, उसात जन्मले आणि उसातच वाढले, तेव्हा उचला, नसबंदी करा, नाहीतर गोळी घाला. शहरातून तिसरा सूर निघतो: निसर्ग मार्ग काढतोच, बिबट्या पाहा, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहा, कसे रुळले! तिघेही प्राण्याच्या स्वभावाबद्दल बोलतात. शेताबद्दल, कालव्याबद्दल, विजेच्या वेळापत्रकाबद्दल कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे की, माणसाने केलेल्या बदलात एखादा सस्तन प्राणी किंवा पक्षी टिकेल का, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. आपण त्याच्या तोंडासमोर काय ठेवले, बदल किती वेगाने केला आणि त्या प्राण्याची पिढी किती वेगाने पुढे सरकते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात आहेत आणि आपले सगळे उपाय मात्र प्राण्यावरच चालतात.

आधी जंगलतोडीचे पाहू. सह्याद्रीतले जंगल घटले, हे खरेच. पण जुन्नर-शिरूरच्या पूर्व भागात जिथे आज बिबटे आहेत, तिथे आधी दाट जंगल होते आणि ते तोडून ऊस लावला, असे घडलेले नाही. तिथे ज्वारी-बाजरीची जिराईत शेती होती, मोकळे माळ होते. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालवे पूर्वेकडे गेले आणि कोरड्या शिवारात बारमाही हिरवा आडोसा उभा राहिला. बिबट्याच्या नजरेने हे पीक पाहा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो, सुरू हंगामाचा बारा महिने. मोठी बांधणी, म्हणजे उसाला मातीची भर, झाली की पाणी देण्यापलीकडे आत फारसे कोणी शिरत नाही. उंची माणसाच्या डोक्यावर, आत गारवा, पाटात पाणी. एका फडाची तोड झाली तरी शेजारचा उभा असतो, कारण गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते आणि तोडलेल्या जागी खोडवा फुटतो. बिबट्याची मादी साधारण तीन महिन्यांत विते, दोन-तीन बछडे देते आणि वर्ष-दीड वर्ष त्यांना सांभाळते. एका आडसाली उसाच्या आयुष्यात तिचे एक बाळंतपण आणि बरेचसे संगोपन मावते. जंगलातून हाकलला गेलेला निर्वासित म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. आपण पाणी आणून जे घर उभे केले, त्यात तो राहायला आला.

घर आहे, पण खातो काय? वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीपट्ट्यात कॅमेरा ट्रॅप लावून काम केले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले आणि तितकेच तरस. विष्ठेच्या तपासणीतून दिसले की, बिबट्याच्या भक्ष्यातले वजनाने ८७ टक्के पाळीव किंवा गावाच्या आधाराने जगणारे प्राणी होते. त्यात एकटा कुत्रा ३९ टक्के, शेळी मात्र ११ टक्क्यांच्या आसपास. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही हे प्रमाण! कारण साधे आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, तिच्यामागे राखण असते, कुत्रा उघड्यावर. या आकड्यांतच निम्मा उपाय आहे. बिबट्या जे सहज मिळते ते घेतो आणि जे नीट बंद केलेले आहे ते बऱ्यापैकी सोडतो.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. माणसे मरतात. आणि ती लेख लिहिणाऱ्यांची नसतात, ऊसतोड टोळीतल्या कोयत्याचे, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याचे, कोपीबाहेर (झोपडीबाहेर) खेळणारे मूल असते, शेळ्या चारणारी म्हातारी असते, रात्री दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला शेतकरी असतो. त्याला सहजीवनाचे धडे पुण्या-मुंबईतून देणे निर्लज्जपणाचे आहे. माणसावर ठरवून हल्ला करू लागलेल्या बिबट्याला ठार मारण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती वापरावी लागते. २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळ्यात ती वापरली गेली. दुसरेही मान्य करू: 'ऊस बिबटे' ही कल्पना निव्वळ अफवा नाही. आईबरोबर उसातच शिकार शिकलेल्या बछड्याला डोंगरातल्या जंगलात सोडले, तर ते त्याच्यासाठी परके गाव असते. ही वेगळी जात नव्हे, रक्त तेच आहे, सवय वेगळी. पण सवय पिढ्यान्‌पिढ्या आईकडून पोराकडे जाऊ शकते, हे खरे.

मग उचलून नेण्यात काय चुकते? हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. शेतातून बिबटे पकडून आसपासच्या जंगलांत सोडण्याचा धडाका लागला आणि २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतकी उलटी फळे का यावीत? पिंजऱ्यात बांधलेल्या शेळीला अपराधी बिबट्याच येईल याची काहीही हमी नसते, त्या रात्री तिथून जाणारा कोणीही अडकतो. तो गज चावून सुळे मोडून घेतो, आणि सुळे मोडलेला बिबट्या चपळ भक्ष्य सोडून सोप्याकडे वळण्याची भीती असते. त्याला सोडतो त्या जागी आधीच दुसऱ्या बिबट्यांची हद्द असते, मग तो अनोळखी गावांमधून भटकत घराची वाट धरतो. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला एक वयस्क नर २००९ मध्ये माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तेव्हा तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानापाशी पोहोचला. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत तरुण नर शिरतात. तिथल्या वस्तीचे रोजचे वेळापत्रक त्यांना ठाऊक नसते, जुन्या नराला ते होते. म्हणजे ज्याने माणसांना टाळायला शिकून घेतले होते त्याला आपण उचलले आणि ज्याने अजून काही शिकलेले नाही त्याला जागा करून दिली.

टाळण्याचे हे शिक्षण किती खोल जाते, ते २०१८ साली जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसले. माणसाचा वावर वाढला की प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट होतो. आधी निम्मी हालचाल रात्री करणारा प्राणी आता दोनतृतीयांशाहून थोडी जास्त रात्री करतो. शिकारी असो, लोक चालत असोत वा शेती असो, उत्तर एकच: दिवस माणसाला सोडून द्यायचा. अकोले तालुक्यातल्या कॉलर लावलेल्या बिबट्यांनीही तेच केले, दिवसा उसात पडून राहणे आणि रात्री घरांच्या जवळून फिरणे. हा फार समंजस तह होता. तो आपण मोडला. शेतीपंपांना वीज दिवसा आणि रात्री अशी आलटून-पालटून पाळ्यांनी मिळते, आणि रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन उसाच्या सरीत वाकून दारे मोडतो. वाकलेला, एकटा, उंची कमी झालेला माणूस अंधारात बिबट्याला माणूस वाटेलच असे नाही. दिवसा शेतीला वीज द्या, ही मागणी शेतकरी संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. ती वन्यजीव व्यवस्थापनाची मागणी आहे, असे वनखात्याने का म्हणू नये? एका फीडरला दिवसाची वीज मिळाल्याने जितकी माणसे आणि बिबटे समोरासमोर येण्याचे टळतील, तितके डझनभर पिंजऱ्यांनी टळणार नाही.

'मग सरळ मारून संख्या कमी करा' असेही म्हटले जाते. यालाही इतिहास आहे. इंग्रज सरकारने हिंस्र पशूंच्या मुंडक्यांवर इनामे लावली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारल्याचा अंदाज इतिहासकारांनी सरकारी नोंदींवरून काढला आहे. वाघ आणि लांडगा आजतागायत त्यातून पुरते सावरले नाहीत, बिबट्या सावरला. अमेरिकेत तर हा प्रयोग आणखी मोठा झाला. विष, सापळे, बंदुका वापरून लांडगा तिथल्या बहुतेक राज्यांतून संपवला. त्याच काळात, त्याच शस्त्रांनी मारला जाणारा कायोटी मात्र पश्चिमेच्या माळरानातून निघून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरला आणि आज शिकागोसारख्या शहराच्या मध्यभागी राहतो. दोघेही श्वानकुळातले. फरक कुठे पडला? लांडगा मोठ्या भक्ष्यावर आणि कळपावर अवलंबून. कायोटी उंदरापासून फळांपर्यंत काहीही खातो, लवकर वितो आणि जोडीने भागवतो. शिवाय लांडगा गेल्याने त्याला जागाही मिळाली. जो तगतो त्याला मारून संपवता येत नाही आणि जो संपतो तो आपण ठरवलेला नसतो, असाच अनुभव दोन्ही खंडांवर आला.

इथे उत्क्रांतीवाले पुढे येतात आणि त्यांचा मुद्दा खरोखर चांगला आहे. सवयी बदलतात एवढेच नव्हे, शरीरेही बदलतात, आणि लाखो वर्षे लागत नाहीत. नेब्रास्कामध्ये पुलांखाली मातीची घरटी करणाऱ्या एका पाकोळीवर तीस वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. वाहने कमी झाली नाहीत, पाकोळ्या वाढल्या, तरी रस्त्यावर मरणाऱ्या पाकोळ्या घटत गेल्या. मेलेल्यांचे पंख लांब आणि जिवंत असलेल्यांचे पंख आखूड होत गेले होते. आखूड पंखांनी झटकन वळता येते. छानच. पण ही पाकोळी दरवर्षी तीन-चार अंडी घालते आणि एक वर्षाची झाली की स्वतः घरटे करते. तीस वर्षांत तिच्या कितीतरी पिढ्या झाल्या. मोझांबिकच्या गोरोंगोसात हत्तींचे काय झाले ते पाहा. १९७७ ते १९९२ च्या यादवीत हस्तिदंतासाठी नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती मारले गेले आणि बिनसुळ्याच्या माद्यांचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांवरून जवळपास ५१ टक्क्यांवर गेले. २०२१ मध्ये त्यामागचे जनुकीय कारण समोर आले. हा गुण मादीत चालतो, पण नर गर्भ त्याने जगत नाही. अशा माद्यांचे निम्मे पुत्र जन्माआधीच जातात. बंदुकीपासून वाचण्याची किंमत हत्तीण पोटातून मोजते. सुळ्याने साल सोलणे, पाण्यासाठी जमीन उकरणे हेही गेले. याला 'निसर्गाने मार्ग काढला' म्हणणाऱ्यांनी त्या मार्गावरचा टोल पण सांगावा.

आणि ज्यांना मार्ग मिळतच नाही त्यांचे काय? पांढऱ्या पाठीचे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि पाचेक वर्षांचे झाल्याशिवाय वीण करत नाही. तेव्हा गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्याच्या पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होऊन ते मरते. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत विष असले तरी घसरण होते, कारण गिधाडे एका मढ्यावर डझनांनी उतरतात. पंधरा वर्षांत भारतातली ही गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. या औषधाला तोंड देणारी गिधाडे निपजायला तिथे पिढ्याच उरल्या नाहीत. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. मढी उघड्यावर राहिली, त्यावर भटके कुत्रे पोसले गेले. कुत्रे वाढण्याला कचऱ्यापासून पोल्ट्रीतल्या फेकलेल्या कोंबड्यांपर्यंत इतरही कारणे आहेत, पण वर सांगितलेले ३९ टक्के आठवा. ज्याला जमले नाही त्याच्या वाट्याचे अन्न, ज्याला जमले त्याच्याकडे कुत्र्याच्या रूपाने पोहोचले, ही साखळी सोडून बिबट्याच्या 'हुशारी'चे कौतुक अर्धवट आहे.

माळढोकाची गोष्ट तर याच पाण्यावरची. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचा पसारा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा होता. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यात श्रीगोंदा, कर्जत, करमाळा या तालुक्यांतले भागही होते, म्हणजे ज्यांच्याकडे कुकडीचे कालवे वळले तेच तालुके. उजनीचे पाणी सोलापूरच्या बाकीच्या तालुक्यांत फिरले. माळढोक हा काही हटवादी पक्षी नव्हता. शतकानुशतके तो जिराईत शेतीसोबत राहिला; रब्बी ज्वारी, हरभरा, पडीक रान, त्यातले नाकतोडे आणि भुंगे हे त्याचे जेवण होते. पण त्याला चारी बाजूंना दूरवर दिसावे लागते, अंडे उघड्या जमिनीवर, वर्षाला बहुधा एक. डोळे बाजूला असल्याने समोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि दहा-पंधरा किलोचे धूड आयत्या वेळी वळत नाही. एका माणसाच्या आयुष्यात ज्वारीचा ऊस झाला, माळावर झाडे लावली गेली, द्राक्षबागा आल्या, तारा आल्या, कुत्रे आले. पुढे अभयारण्यही आखडून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. देशात आता दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. ज्या पिकाने बिबट्याला बाळंतपणाची खोली दिली, त्यानेच माळढोकाचे क्षितिज बुजवले. सोलापुरात माळढोक जवळपास उरला नाही आणि करमाळ्यात बिबट्या आहे, यात प्राण्यांच्या गुणावगुणांचा भाग कमी आणि पीकपद्धतीचा जास्त आहे. तरीही आपल्याकडे ऊस हा विषय कृषी खात्याचा, बिबट्या वनखात्याचा आणि माळढोक आता कोणाचाच नाही.

फ्लेमिंगोंचे उदाहरण देणाऱ्यांसाठी दोनच वाक्ये. ठाणे खाडीत सांडपाण्याने वाढलेल्या शेवाळावर ते पोट भरतात हे खरे, पण वीण करायला त्यांना कच्छच्या रणासारखी निर्मनुष्य खारी दलदल लागते. खानावळीत गर्दी आहे म्हणून घराची गरज संपली, असे कोणी म्हणत नाही.

आता सध्या चर्चेत असलेल्या उपायांकडे येऊ. जंगलात शेळ्या सोडायच्या, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत, ही कल्पना टिकत नाही: सोडलेली शेळी काही रात्रींत संपते, उरलेल्या पुन्हा वस्तीकडे येतात आणि पाळीव जनावरांचे पीपीआरसारखे (शेळ्या-मेंढ्यांची साथ) रोग हरणांपर्यंत जायची वाट मोकळी होते. नसबंदीचे तसे नाही. सगळ्या प्रस्तावांत तीच कमी वाईट आहे, कारण मादी आपल्या जागेवर राहते आणि हद्द रिकामी होत नाही. पण तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी. मादी पकडा, भूल द्या, औषध द्या, कॉलर लावा. औषध इंजेक्शनाचे असेल तर पुन्हा मात्रा देण्यासाठी तिलाच पुन्हा पकडा, आणि एकदा पिंजरा पाहिलेली मादी दुसऱ्यांदा सहज येत नाही. आज फिरणारे बिबटे त्याने एकाने कमी होत नाहीत. परिणाम दिसायला काही वर्षे जातात. तोवर कुत्रे, मढी आणि आडोसा तसाच असला तर शेजारच्या तालुक्यातून तरुण नर येतच राहतात.

म्हणून खर्चाचा क्रम उलटा हवा. आधी गोठे. चारही बाजूंना आणि वरूनही जाळी, दाराला बाहेरून ढकलून न उघडणारी कडी, जमिनीलगत फट नाही. बिबट्या भिंत चढून पत्रा आणि भिंत यांमधल्या मोकळ्या जागेतून आत उतरतो, हे विसरून बांधलेला गोठा म्हणजे त्याच्यासाठी कोंडून ठेवलेले ताट. मग घर आणि ऊस यांच्यामध्ये बुटके पीक. विहिरींना कठडे. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण, मढ्यांची आणि मेलेल्या कोंबड्यांची खोल पुरून विल्हेवाट. कोप्या उसाला लागून टाकू न देणे आणि टोळीतल्या मुलांसाठी संध्याकाळी बंदिस्त जागा. ही जबाबदारी मुकादमाच्या भरवशावर न सोडता कारखान्यांवर करारात टाकावी लागेल. तोडीत बछडे सापडले तर काय करायचे, हे या भागात आता चांगले माहीत झाले आहे. काम थांबवायचे, बछड्यांना शक्यतो हात लावायचा नाही, वनविभागाला बोलवायचे, पशुवैद्याने तपासायचे आणि अंधार पडण्याआधी पिल्ले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांबून कॅमेऱ्याने पाहायचे. आई बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन घेऊन जाते. पिल्ले परत मिळाली नाहीत तर शोधत फिरणारी आई त्या शिवारातल्या सगळ्यांना महाग पडते.

हे जमले ते हाताने तोड होते म्हणून. कोयता एका बाजूने पुढे सरकतो, दिवसाला थोडाच फड उलगडतो आणि मादीला रातोरात बछडे शेजारच्या उसात हलवायला सवड मिळते. आता मजुरांच्या टंचाईने हार्वेस्टर वाढत आहेत. ते दिवे लावून रात्रीही चालतात, चालकाला पाचटाखालचे काही दिसत नाही आणि बिबट्याने दिवस सोडून जी रात्र स्वतःसाठी राखली होती तीही त्यात जाते. यंत्र फडाच्या कोणत्या बाजूने लावायचे, उभ्या उसाच्या दिशेने वाट मोकळी ठेवायची की नाही, रात्रीची तोड कोणत्या महिन्यांत बंद ठेवायची, याचे नियम साखर आयुक्तालय आणि वनखाते यांनी एकत्र बसून पुढच्या गाळपाआधी करायला हवेत.